नक्कल टिकते कशावर

लिनक्ससाठी तयार केलेला प्रोग्राम फ्रीबीएसडीवर चालतो, विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो, आणि २०१६ नंतर लिनक्सचे प्रोग्राम थेट विंडोजच्या कर्नेलवरही चालू लागले. तिन्ही ठिकाणी प्रोसेसर तोच असतो आणि प्रोग्रामची फाइलही तीच, एका बाइटचाही फरक न केलेली. बदललेली असते ती खालची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि प्रोग्रामला त्याचा पत्ता लागू दिला जात नाही. याला बायनरी सुसंगतता म्हणतात. तिच्याबद्दल बोलताना कौतुक होतं ते बहुतेक अभियंत्यांच्या चिकाटीचं. चिकाटी लागतेच. पण गेल्या पन्नास वर्षांतले असे प्रयत्न शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर कोणता तरला आणि कोणता बारगळला याचा उलगडा चिकाटीवरून होत नाही. मूळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्त्यांनी कोणत्या थरावर ‘हे आम्ही बदलणार नाही’ असं वचन दिलं होतं आणि नक्कल करणाऱ्याने नेमका तोच थर पकडला होता का, हे पाहिलं की बराचसा उलगडा होतो. उरलेल्या भागाचं कारण आणखी खोल आहे. काही गोष्टींचं वचन कुणीच दिलेलं नसतं, तरी प्रोग्राम त्यांच्यावर विसंबून असतात.

आधी मुळाशी जाऊ. प्रोग्रामला स्वतःच्या बळावर फार थोडं करता येतं. तो आकडेमोड करू शकतो, स्वतःच्या वाट्याच्या मेमरीत फेरफार करू शकतो. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर उमटवायचं, नेटवर्कवर काही पाठवायचं किंवा दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, तर कर्नेलकडे जावं लागतं. हे जाणं तहसील कचेरीच्या खिडकीसारखं असतं: अर्जाच्या नमुन्याचा क्रमांक ठरलेला, रकाने ठरलेले, आणि खिडकीपलीकडे काय चालतं ते अर्जदाराला दिसत नाही. ३२-बिट इंटेल यंत्रावरच्या लिनक्समध्ये प्रोग्राम एका रजिस्टरमध्ये मागणीचा क्रमांक ठेवतो (लिहिण्यासाठी ४, फाइल उघडण्यासाठी ५), बाकीचा तपशील पुढच्या रजिस्टरांत भरतो आणि १२८ क्रमांकाचा इंटरप्ट देतो. मग कर्नेल काम करून त्याच रजिस्टरात उत्तर ठेवतो. हा सिस्टीम कॉल. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उबंटूच्या पॅकेजांची छाननी केली, तेव्हा ६४-बिट लिनक्समध्ये असे ३२० कॉल होते आणि त्यांपैकी २२४ कॉल प्रत्येक यंत्रावर कुठल्या ना कुठल्या प्रोग्रामला लागतच होते. आकडा ऐकून हुरूप येतो. एका अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टीमचा दरवाजा अडीच-तीनशे ओळींच्या यादीत मावत असेल, तर ती यादी उतरवून काढायला कितीसा वेळ लागणार?

ही यादी किती फसवी आहे ते एका साध्या कॉलवर कळतं. समजा, लिनक्सचा एक प्रोग्राम नोंदवहीची फाइल उघडतो आहे. आधीच्या नोंदी तशाच ठेवून त्याला शेवटी नवी ओळ जोडायची आहे. ‘फक्त लिहिण्यासाठी’ याचा आकडा १ आणि ‘शेवटी जोडत जा’ याचा आकडा लिनक्समध्ये १०२४. दोन्हींची बेरीज १०२५ करून तो मागणी नोंदवतो. हीच मागणी जशीच्या तशी फ्रीबीएसडीच्या कर्नेलकडे गेली तर? फाइल उघडण्याच्या कॉलचा क्रमांक दोन्हीकडे ५ आहे, कारण दोघांनी तो जुन्या युनिक्सकडूनच घेतला. १ चा अर्थही दोन्हीकडे एकच. पण १०२४ चा अर्थ फ्रीबीएसडीत ‘आधीचा मजकूर पुसून टाक’ असा आहे. म्हणजे ओळ जोडायला आलेला प्रोग्राम अख्खी नोंदवही कोरी करून बसेल, आणि कर्नेल त्याला ‘काम फत्ते’ असं कळवेल. लिनक्समध्ये ‘पुसून टाक’ म्हणजे ५१२, तर फ्रीबीएसडीत ५१२ म्हणजे ‘फाइल नसेल तर नवी तयार कर’. चुकांच्या क्रमांकांची गंमत तर याहून मोठी. ‘आत्ता जमत नाही, पुन्हा विचार’ या चुकीला लिनक्स ११ म्हणतं आणि ‘दोघे एकमेकांची वाट पाहत अडकलेत’ या चुकीला ३५. फ्रीबीएसडीत हे दोन आकडे नेमके उलटे आहेत. लिनक्सचा १० क्रमांकाचा सिग्नल प्रोग्रामांनी आपापसातल्या निरोपासाठी वापरायचा असतो. बीएसडीत १० क्रमांकाचा सिग्नल आला, की मेमरी हाताळताना काहीतरी गंभीर बिघडलं असं समजायचं. शिवाय चूक कळवण्याची तऱ्हाही निराळी: लिनक्स उत्तराच्या जागी ऋण आकडा ठेवतं, बीएसडी प्रोसेसरची कॅरी-खूण वर करून धन आकडा देतं. दोघे एकाच घराण्यातले असताना ही स्थिती.

तरीही फ्रीबीएसडीतली लिनक्सची नक्कल, जिला तिकडचे लोक लिनक्स्युलेटर म्हणतात, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आजतागायत टिकून आहे. तिची रचना नेटकी आहे. प्रोग्राम सुरू करताना कर्नेल त्याच्या फाइलचा माथा वाचतो आणि हा लिनक्सचा की आपला ते ठरवतो. प्रत्येक प्रक्रियेला सिस्टीम कॉलांचा एक तक्ता जोडलेला असतो. घरच्या प्रोग्रामला घरचा, लिनक्सच्या प्रोग्रामला लिनक्सचा. लिनक्सच्या तक्त्यातली बरीचशी कलमं दोन-चार ओळींची आहेत: १०२४ चे ८ करा, घरचं फंक्शन बोलवा, परतताना ३५ चे ऋण ११ करा. प्रोसेसर एकच असल्याने आज्ञांचं भाषांतर करायचं नसतं, त्यामुळे वेगात फारशी घट येत नाही. लिनक्सच्या लायब्ररी एका वेगळ्या डिरेक्टरीत ठेवतात. प्रोग्रामने कोणत्याही फाइलचं नाव घेतलं, की कर्नेल आधी तिथे शोधतो आणि नाहीच मिळाली तर मूळ झाडात जातो. ओरॅकलचा डेटाबेस, मॅथेमॅटिका, मॅटलॅब अशी दिग्गज सॉफ्टवेअर या वाटेने फ्रीबीएसडीवर बसवण्याची कृती त्यांच्या अधिकृत हस्तपुस्तिकेत छापलेली असे. एक बारकावा मात्र खोचक आहे. लिनक्सची मूळ सी-लायब्ररी सुरू होताना कर्नेलची आवृत्ती विचारते आणि ती फार जुनी असेल तर चालायलाच नकार देते. म्हणून फ्रीबीएसडीला लिनक्सची एक आवृत्ती सांगावी लागते. त्यासाठी एक सेटिंगच ठेवलं आहे. हा आकडा हात राखून सांगितला तर नवे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. वाढवून सांगितला तर लायब्ररी त्या आवृत्तीतले नवनवे कॉल गृहीत धरते, आणि मग ते लिहून काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

ही कल्पना लिनक्सपेक्षा पुष्कळ जुनी. मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन कंपनीने पीडीपी-१० या यंत्रासाठी टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, तेव्हा यंत्र बनवणाऱ्या डेक कंपनीची टॉप्स-१० ही सिस्टीम आधीच वापरात होती आणि कम्पायलरसकट सगळं उपयोगाचं सॉफ्टवेअर तिच्यासाठीच होतं. टेनेक्सने स्वतःच्या कॉलांसाठी वेगळीच आज्ञा निवडली आणि टॉप्स-१० च्या कॉलांच्या आज्ञा तशाच मोकळ्या सोडल्या. प्रोग्रामने जुन्या पद्धतीचा कॉल पहिल्यांदा केला, की त्याच्याच मेमरीत एक सुसंगतता पॅकेज आणून बसवलं जाई आणि तिथून पुढे तेच दुभाष्याचं काम करी. ज्याला गरज नाही त्याच्यावर बोजा नाही. पुढे डेकनेच टेनेक्स घेऊन त्यातून टॉप्स-२० घडवली. दहाएक वर्षांनी टिम पॅटरसन यांनी सिएटलमध्ये ८६-डॉस लिहिली. तीच पुढे एमएस-डॉस झाली. तिने आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॉलांचे क्रमांक उचललेच, शिवाय सीपी/एममध्ये पाचव्या पत्त्यावर असलेलं प्रवेशद्वारही प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यात त्याच जागी ठेवलं. प्रोसेसर वेगळा असल्याने ही काटेकोर अर्थाने बायनरी सुसंगतता नव्हे. ८०८० साठीचा सोर्स यांत्रिकपणे ८०८६ साठी उतरवता यावा एवढाच हेतू होता. पण नऊ क्रमांकाचा कॉल मजकूर छापताना डॉलरच्या चिन्हापाशी थांबे, म्हणून डॉसमध्येही तो तिथेच थांबत राहिला. मजकुरात डॉलर छापायचा असेल तर आडवाट शोधा! सीपी/एम बाजारातून गेली, तिची ही खोड मागे राहिली.

आता वचनाकडे येऊ. लिनक्सच्या कर्नेल-विकासात एक नियम कडकपणे पाळला जातो: वापरकर्त्यांचे चालते प्रोग्राम कर्नेलमधल्या बदलामुळे बंद पडता कामा नयेत. ही वचनाची रेषा सिस्टीम कॉलांवर आखलेली आहे. लिहिण्याचा कॉल ३२-बिट लिनक्समध्ये सुरुवातीपासून ४ होता आणि आजही ४ आहे. कर्नेलच्या पोटात काय वाटेल ते बदलतं, दर आवृत्तीत बदलतं, पण दारावरचे क्रमांक बदलत नाहीत. विंडोजचा कारभार याच्या उलट. तिथे फाइल उघडणाऱ्या कर्नेल-कॉलचा क्रमांक ६४-बिट विंडोज ७ मध्ये ८२ होता, विंडोज ८ मध्ये ८३, ८.१ मध्ये ८४ आणि १० मध्ये ८५. मायक्रोसॉफ्टने या क्रमांकांचं वचन कधी दिलंच नव्हतं. तिने वचन दिलं वरच्या लायब्ररींमधल्या, म्हणजे डीएलएलांमधल्या फंक्शनांचं, आणि ते इतक्या निष्ठेने पाळलं की १९९० च्या दशकातले कित्येक प्रोग्राम आजच्या विंडोजवर उघडतात. ॲपलची रेषाही लायब्ररीवर आहे. गो भाषेच्या कम्पायलरने मॅकवर ती रेषा ओलांडून थेट कर्नेलला कॉल करण्याची पद्धत ठेवली होती. २०१६ मध्ये मॅकओएस सिएरात वेळ विचारण्याच्या कॉलची अंतर्गत रचना बदलली आणि गोमध्ये बनवलेले प्रोग्राम कोसळू लागले. ॲपलने कोणतंही वचन मोडलं नव्हतं. २०१९ च्या १.१२ आवृत्तीपर्यंत गोने निमूटपणे ॲपलच्या लायब्ररीची वाट धरली. ओपनबीएसडी तर आणखी पुढे गेली आहे. सी-लायब्ररीबाहेरून आलेला कॉल तिचा कर्नेल स्वीकारतच नाही. असा कॉल करणारा प्रोग्राम जागच्या जागी संपवला जातो.

म्हणून लिनक्सची नक्कल करणाऱ्याने सिस्टीम कॉल पकडावेत आणि विंडोजची नक्कल करणाऱ्याने डीएलएल. वाइन प्रकल्पाने १९९३ मध्ये सुरुवात केली तेव्हापासून हेच केलं आहे. विंडोजच्या कर्नेलची नक्कल न करता त्यांनी विंडोजच्या लायब्ररी लिनक्सवर नव्याने लिहायला घेतल्या. यादी तीनशेची राहिली नाही, हजारोंची झाली. आवृत्ती १.० यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं लागली म्हणून तेव्हा पुष्कळ टवाळी झाली. ती टवाळी मला अन्यायाची वाटते, कारण वाइनने निवडलेला थर लांबीला प्रचंड असला तरी पायाखालून सरकणारा नव्हता. आज लिहून ठेवलेलं फंक्शन दहा वर्षांनीही उपयोगी पडत होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याच पायावर प्रोटॉन उभारलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या स्टीम डेक या हातातल्या गेमयंत्राचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. यंत्रात लिनक्स, गेम बहुतेक विंडोजचे.

वचनाबाहेर पाऊल टाकणारे असतातच, आणि त्यांनी हा मुद्दा आणखी पक्का केला. काही विंडोज गेमांमधली कॉपी-संरक्षणाची आणि फसवणूक रोखणारी यंत्रणा डीएलएलना वळसा घालून थेट कर्नेलला कॉल करू लागली, कारण डीएलएलमध्ये कुणी लुडबूड केली असेल अशी तिला शंका. अस्सल विंडोजवर हे चालून जाई. वाइनखाली तो कॉल जाऊन पडे लिनक्सच्या कर्नेलपुढे, विंडोजच्या क्रमांकासह, आणि त्या क्रमांकाचा लिनक्समधला अर्थ काही भलताच. वाइनला हे आपल्या थरावरून अडवताच येईना. शेवटी फेब्रुवारी २०२१ च्या लिनक्स ५.११ मध्ये खुद्द कर्नेललाच एक नवी सोय करावी लागली. प्रोग्रामच्या मेमरीच्या कोणत्या भागातून कॉल आला ते पाहायचं. परक्या भागातून आला असेल तर तो न चालवता सिग्नल देऊन वाइनच्या हवाली करायचा. हे काम कोलाबोरा कंपनीतल्या गॅब्रिएल क्रिस्मन बर्टाझी यांनी केलं.

या विवेचनावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो मायक्रोसॉफ्टच्या अनुभवाचा. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये लिनक्ससाठीची उपप्रणाली आली, तेव्हा तिने अगदी योग्य थर पकडला होता. लिनक्सचे सिस्टीम कॉल, ज्यांचं वचन लिनक्सने पाळलेलं. कारागिरीतही उणं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातल्या ड्रॉब्रिज प्रकल्पातून आलेली ‘पिको’ प्रक्रिया वापरली होती. विंडोजचं काहीही आत न भरलेली रिकामी प्रक्रिया, आणि तिने केलेला प्रत्येक कॉल विंडोजचा कर्नेल एका ड्रायव्हरच्या हाती देई. प्रोसेसरवरची आपली पाळी सोडण्यासारखे कॉल विंडोजच्या कॉलवर थेट बसले. प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत काढणारा युनिक्सचा ‘फोर्क’ विंडोजच्या खुल्या फंक्शनांत नव्हता, पण १९९३ च्या एनटीमध्ये पॉझिक्स उपप्रणाली होती, तिच्यासाठीची तरतूद कर्नेलच्या पोटात शिल्लक होती. एवढं असूनही २०१९ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या आवृत्तीत नकलेचा मार्ग सोडला आणि हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये अस्सल लिनक्स कर्नेलच चालवायचं जाहीर केलं. थर योग्य, वचन पक्कं, कंपनी गडगंज. मग गाडी अडली कुठे?

ती अडली मुख्यतः फाइलींपाशी. लिनक्समध्ये फाइलची माहिती विचारणं अतिशय स्वस्त असतं, कारण नावांचा शोध कर्नेल मेमरीतच उरकतो. विंडोजमध्ये त्याच कामासाठी फाइल उघडायची, माहिती घ्यायची, बंद करायची. आणि या प्रत्येक पायरीवर विषाणूरोधकासारखे एकावर एक रचलेले ड्रायव्हर आपली तपासणी करणार. विंडोजचे प्रोग्राम या हिशेबानेच लिहिलेले असतात, कमी वेळा विचारतात. लिनक्सकडचा गिटसारखा प्रोग्राम हजारो फाइलींची माहिती एका दमात मागतो, कारण त्याच्या जगात ती फुकटात मिळते. उघडी असलेली फाइल पुसता येणं हे युनिक्सवाल्यांना इतकं अंगवळणी पडलेलं, की ते वेगळं वैशिष्ट्य आहे हेच त्यांच्या ध्यानात नसतं. विंडोजची परंपरा मात्र त्याला नकार देणारी. उत्तर अचूक मिळत होतं, पण उशिरा. ‘फाइलची माहिती अमुक वेगाने मिळेल’ असं लिनक्सने कधीच लिहून दिलेलं नाही, तरी तिथला प्रत्येक मोठा प्रोग्राम त्या वेगावर उभा आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सुरुवातीच्या मोजणीत, दाबून बांधलेली फाइल उलगडण्याचं काम दुसऱ्या आवृत्तीत वीसपटीपर्यंत वेगाने झालं. डॉकरसारख्या कंटेनर चालवणाऱ्या साधनांना तर कर्नेलचे असे कोनेकोपरे लागत, की ते नकलेने भरून काढणं आवाक्याबाहेरचं होतं. एकट्या ‘आयओसीटीएल’ या कॉलच्या पोटात शेकडो उपमागण्या असतात. तीनशेंच्या यादीत त्याची नोंद एक.

तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अनुभवाने माझा मुद्दा खोडला जात नाही, पण त्याला मुरड घालावी लागते. योग्य थर पकडल्याने नक्कल बरोबर उत्तर देऊ शकते. ती वापरण्याजोगी व्हायची तर दोन्ही कर्नेलांचा कामाचा पिंड जवळचा असावा लागतो. फ्रीबीएसडीला हे आयतं मिळालं होतं. फाइल, प्रक्रिया, सिग्नल यांची कल्पना दोघांची एकच, आकडे तेवढे वेगळे. जिथे लिनक्सने स्वतःची वेगळी वाट काढली, तिथे फ्रीबीएसडीचीही दमछाक झाली. अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवणारा लिनक्सचा ‘ईपोल’ त्यांना स्वतःच्या ‘केक्यू’वर बेतावा लागला, आणि लिनक्समधला थ्रेड म्हणजे जवळपास स्वतंत्र प्रक्रियाच असल्याने त्याच्या ओळखक्रमांकांचा हिशेब वेगळा ठेवावा लागला.

पिंड जवळचा नसेल तर दुसरं काहीतरी घडतं, आणि मला या साऱ्या इतिहासातला तोच सर्वांत रंजक भाग वाटतो. यजमान स्वतः बदलू लागतो. लिनक्समध्ये एकाच इंग्रजी अक्षराचं लहान आणि मोठं रूपही फाइलच्या नावात वेगळं मानतात. विंडोज तसं मानत नसे. २०१८ च्या विंडोज १० मध्ये डिरेक्टरीगणिक हा भेद चालू करण्याची सोय आली, ती लिनक्सच्या पाहुण्यांसाठी. पलीकडे लिनक्सचंही तेच. विंडोजचे प्रोग्राम चौसष्टपर्यंत वस्तूंची एकाच वेळी वाट पाहू शकतात आणि गेम ही सोय सर्रास वापरतात. लिनक्सच्या ‘फ्यूटेक्स’ला एका वेळी एकाचीच वाट पाहता येई. वाइनने आधी हे काम वेगळ्या सर्व्हर-प्रक्रियेकडून करून घेतलं, त्यात वेळ जाई. जानेवारी २०२२ च्या लिनक्स ५.१६ मध्ये अनेक फ्यूटेक्सांची वाट पाहणारा नवा कॉल आला, आणि मार्च २०२५ च्या ६.१४ मध्ये ‘एनटीसिंक’ नावाचा ड्रायव्हर पूर्णत्वाला गेला. त्याचं कामच विंडोज एनटीच्या प्रतीक्षेचे नियम लिनक्सच्या कर्नेलमध्ये पाळणं हे आहे. नक्कल वरून सुरू झाली आणि मुरत मुरत कर्नेलपर्यंत उतरली.

व्हर्च्युअल मशीन असताना हा खटाटोप कशाला, असं विचारणारे आता वाढले आहेत. एका मर्यादेपर्यंत त्यांचं बरोबरच आहे. अस्सल कर्नेलइतकी हुबेहूब नक्कल कुणालाच करता येणार नाही. पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे वेगळा संसार: तिची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, नेटवर्कवरची ओळख वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या लिनक्स उपप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत विंडोजच्या बाजूला ठेवलेल्या फाइलींवर काम करायचं झालं, तर ते पहिल्यापेक्षा मंद चालतं, आणि अशा कामासाठी पहिलीच आवृत्ती वापरा असं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं. विंडोजच्या प्रोग्रामासाठी व्हर्च्युअल मशीन उभारायची तर विंडोजचा परवानाही घ्यायला हवा. स्टीम डेकसारख्या यंत्राला ते परवडलं नसतं.

सोर्स कोड घ्या आणि नव्याने कम्पाइल करा, हा दुसरा सल्ला. तो देणाऱ्यांनी जुन्या डीटीपी ऑपरेटरशी कधी बोलून पाहावं. भारतीय भाषांतली अक्षरजुळणी वर्षानुवर्षं युनिकोडपूर्व फॉन्टांवर आणि बंद सोर्सच्या विंडोज पॅकेजांवर चालली. मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंकही त्यातच जुळले. त्या फाइली उघडायच्या तर तीच पॅकेजं लागतात आणि त्यांचा सोर्स कुणाच्या हाती लागणार नसतो. गंमत म्हणजे यांतली अनेक पॅकेजं डाँगलवर चालत. पोर्टला ती कुलपाची डबी लावल्याशिवाय प्रोग्राम उघडतच नसे, आणि त्या डबीशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये बसणारा. वाइनचा थर डीएलएलचा असल्याने सगळ्यात अवघड गाठ इथेच पडते. फसवणूक रोखण्यासाठी कर्नेलमध्ये ड्रायव्हर घालणाऱ्या आजच्या गेमांचीही तीच कथा.

तिसरा आक्षेप व्यापारी डावपेचांचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ ची २.० आवृत्ती आणली. ती विंडोज ३ चे प्रोग्राम झकास चालवत असे आणि हेच तिच्या जाहिरातीचं मोठं भांडवल. त्यातून सॉफ्टवेअर कंपन्यांनी काढलेला अर्थ सरळ होता: विंडोजसाठी लिहिलं की दोन्हीकडे चालतं, मग ओएस/२ साठी वेगळं कशाला लिहा? पुढे विंडोज ९५ आलं आणि नक्कल मागे पडली. प्रोटॉनबद्दल आज हीच भीती बोलून दाखवली जाते, आणि काही गेम-कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढणं खरोखरच सोडलं आहे. तरी मी या दोन गोष्टी एका तराजूत घालणार नाही. ओएस/२ आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या नव्या प्रोग्रामांवर जगू पाहत होती आणि त्या प्रतिस्पर्ध्याने पायाच नवा घातला. गेमांचं तसं नाही. विकत घेतलेले गेम लोक वर्षानुवर्षं खेळतात, आणि लिनक्सला सर्व्हरांच्या जगात आधीच भक्कम आधार आहे. पण मायक्रोसॉफ्टने उद्या नवा थर वचनात घेऊन जुना हळूहळू दुर्लक्षिला, तर वाइनला पुन्हा धावावं लागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात. दुसऱ्याच्या कॉलांचे क्रमांक आणि नावं वापरणं ही चोरी का? डिसेंबर २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या चुकांचे आणि सिग्नलांचे क्रमांक असलेल्या फाइलींवर हक्क सांगितला होता. वर सांगितलेले ११ आणि ३५ अशाच फाइलीत राहतात. तो दावा काही टिकला नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यात, प्रोग्राम काय करतो यावर कॉपीराइट सांगता येत नाही, असा निवाडा दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात ६ विरुद्ध २ मतांनी, जावाच्या सुमारे ११,५०० ओळी उचलणं हा रास्त वापर ठरवला. मात्र अशा ओळींवर मुळात कॉपीराइट असतो की नाही, हा प्रश्न न्यायालयाने शिताफीने बाजूला ठेवला.

अलीकडे नकलेची हीच कला भलत्याच कामासाठी वापरली जाते आहे. गूगलने मे २०१८ मध्ये खुलं केलेलं जीव्हायझर लिनक्सचे कॉल लिनक्सवरच नकलतं. गो भाषेत लिहिलेला एक छोटा कर्नेल अविश्वासू प्रोग्रामाचे कॉल स्वतः झेलतो आणि खालच्या अस्सल कर्नेलपर्यंत मोजकेच पोहोचू देतो. इथे हेतू सुरक्षेचा आहे, आणि काही कॉल न पुरवणं हा तिथे दोष ठरत नाही. गूगलच्याच फ्यूशा या नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही लिनक्सचे न बदललेले प्रोग्राम चालवण्यासाठी ‘स्टारनिक्स’ नावाचा थर आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांनाही अखेर लिनक्सच्याच दारावरचे क्रमांक पाठ करावे लागतात.

खर्चाचं काय, हे सांगायचं राहिलं. पाळलेलं वचन नकलेला जगवतं, पण लिनक्स जुनं मोडत नसलं तरी नवं जोडायचं थांबत नाही, आणि ते जोडलेलं कुणीतरी पलीकडे पुन्हा लिहावं लागतं. फ्रीबीएसडीत ६४-बिट लिनक्स प्रोग्रामांची सोय १०.३ या आवृत्तीत, २०१६ मध्ये आली; तोवर ६४-बिट इंटेल-घराण्याचे प्रोसेसर बाजारात येऊन तेरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी ओपनबीएसडीने ६.० आवृत्तीत आपली लिनक्सची नक्कल काढूनच टाकली. ती ३२-बिटपुरती उरली होती, आणि कर्नेलमधला जो कोड कुणी वापरत नाही तो धोक्याचाच, असं त्या मंडळींचं धोरण. सोलॅरिस या युनिक्समध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘लिनक्स झोन’ही अशाच बंद पडल्या होत्या. जॉयंट कंपनीने त्या २०१४ च्या सुमारास ६४-बिटसह पुन्हा उभ्या केल्या, कारण डॉकरमुळे लिनक्सचे तयार प्रोग्राम चालवायला अचानक गिऱ्हाईक मिळालं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्स उपप्रणालीचा सोर्स खुला केला, तेव्हा पहिल्या आवृत्तीतला, सिस्टीम कॉलांची नक्कल करणारा कर्नेल-ड्रायव्हर तेवढा बंदच ठेवला. तो अजून विंडोजसोबत येतो, आणि ज्यांच्या फाइली विंडोजच्या बाजूला आहेत त्यांना तो आजही उपयोगी पडतो.